मुक्कामी गाडीचा कंडक्टर

सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करत होतो, तेव्हा माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. त्या वेळी हे जाणवायचं नाही, कारण दिवस भरलेला असायचा. सकाळी अभ्यासिका, दुपारी मेस, पुन्हा अभ्यासिका, रात्री अलका चौकात चहा आणि चालू घडामोडींवर वाद. खोलीत कॉट बेसिसवर राहणारे आम्ही चौघं. एकाची एसटीआयची, म्हणजे विक्रीकर निरीक्षकाची, पोस्ट थोडक्यात गेलेली, एक पीएसआयच्या ग्राऊंडसाठी पहाटे पळायला जायचा. मी पूर्व परीक्षा काढायचो आणि मुख्यला अडकायचो. खर्चाला घरून पैसे यायचे, तेही आई डेअरीला दूध घालायची त्याचे. यात्रेला गावी गेलो की भेटेल तो एकच विचारायचा, "लागला का रं?" नाही म्हटलं की पुढचं बोलणं नसायचंच.

त्यातच एसटीची भरती निघाली. पोरं भरतायत म्हणून मीही अर्ज भरला, आणि निवड झाली. वाहकाचा परवाना, बॅज, त्यासाठी लागणारं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र, हे सगळं गोळा करेपर्यंत मी कुणाला फारसं सांगितलं नव्हतं. चुलत्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "एवढं शिकून शेवटी तिकिटंच फाडायची का?" (तिकिटं फाडायचे दिवस संपले होते, मशिन आलं होतं. पण हे त्यांना सांगण्यात काही अर्थ नव्हता.) वडील काहीच बोलले नाहीत. त्यांनी माझ्यासाठी एक चांगली छत्री आणून ठेवली, काळी, लाकडी मुठीची. साताऱ्याच्या पाटण भागात नोकरी म्हटल्यावर पावसाचा विचार आधी त्यांनीच केला.

सुरुवातीचे महिने मी ओढूनताणून काढले, हे लपवण्यासारखं नाही. खाकी कपडे घालून पाटणच्या स्टँडवर उभं राहिलं की कुणीतरी ओळखीचं दिसेल याची धास्ती असायची. एकदा खोलीवरचा जुना मित्र कराड-चिपळूण गाडीत भेटला. तो नायब तहसीलदार झाला होता. त्यानं तिकीट घेतलं, मी सुटे परत दिले, आणि दोघंही फार मनापासून हसलो.

या कामात एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून मला धरून ठेवणारी होती. ती म्हणजे कॅश. ड्यूटी संपली की मशिनवर आलेला आकडा आणि बॅगेतले पैसे जुळले पाहिजेत. कमी पडले तर खिशातून भरायचे. मी आयुष्यात इतका हिशेबी कधीच नव्हतो. नोटा तोंडं एका बाजूला करून लावायच्या, दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या गड्ड्या वेगळ्या बांधायच्या, चिल्लर काउंटरवर ढीग करून मोजायची, आणि रोखपालानं मान हलवली की तो दिवस खऱ्या अर्थानं मिटला. मुख्य परीक्षेचा पेपर देऊन आलं की महिनोन् महिने कळायचं नाही, बरं झालं की वाईट. इथं संध्याकाळी कळत होतं. तेवढ्यानं सुद्धा रात्री झोप लागायला लागली.

मग मला मोरगिरीच्या वरच्या अंगाची मुक्कामी गाडी लागली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन शेवटच्या गावाला जायची, रात्री तिथंच उभी राहायची आणि उजाडता उजाडता पहिली फेरी घेऊन खाली यायची. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात. कॅश डेपोत भरलेली नसते, त्यामुळे कंडक्टरची उशी म्हणजे पैशांची बॅग. ही ड्यूटी कुणालाच नको असते. मोबाइलला रेंज नाही, पावसाळ्यात छत गळतं, डास आहेत, आणि घरच्या माणसांना तोंड दिसत नाही. लांब पल्ल्याच्या गाडीला भत्ता तरी बरा. मला दिली ती मी नवा होतो म्हणून.

ड्रायव्हर होते तात्या. निवृत्तीला आलेले, बोलायला कमी. पहिल्या संध्याकाळी वर पोचलो तेव्हा पाऊस मी म्हणत होता. गावाच्या टोकाला रस्ता संपतो आणि तिथं देवळासमोर गाडी वळवायची जागा आहे. जागा म्हणजे एका बाजूला देवळाचा कट्टा, दुसऱ्या बाजूला थेट ओढ्याचा खोल उतार. मध्ये जेमतेम गाडीची लांबी. एका दमात वळत नाही, मागंपुढं करावं लागतं. तात्यांनी मान न वळवता सांगितलं, "उतर. मागं जा. शिट्टी आहे ना?"

नियमच आहे तो, गाडी रिव्हर्स घेताना कंडक्टरनं खाली उतरून मागं उभं राहायचं. प्रशिक्षणात ऐकला होता, कराडच्या सपाट स्टँडवर करूनही झाला होता. पण तिथं अंधारात, छत्री उलटी होत असताना, मागच्या लाल दिव्याच्या उजेडात मला फक्त पावसाच्या रेघा आणि कडेचं गवत दिसत होतं. कडेला एक दगड होता, चुना लावलेला. आधीच्या कुणा कंडक्टरनं लावला असणार. मी त्या दगडाशेजारी उभा राहिलो. "येऊ द्या! येऊ द्या!" मी ओरडत होतो, आणि तेवढं मोठं धूड माझ्या आवाजावर मागं येत होतं. तात्यांना आरशात काही दिसत नव्हतं. माझ्या शब्दापलीकडे त्यांच्यापाशी काहीच नव्हतं. चाक दगडापासून हातभर राहिलं तेव्हा मी लांब शिट्टी मारली, आणि गाडी जागच्या जागी थांबली. पुन्हा पुढे, पुन्हा मागं. तीनदा तसं करून गाडीचं तोंड खाली पाटणकडे झालं. तात्या इंजिन बंद करून उतरले, टॉवेलनं डोकं पुसत म्हणाले, "जेवू या."

बस, एवढंच. शाबासकी नाही की काही नाही. पण त्या रात्री मागच्या लांब सीटवर बॅग उशाला घेऊन पडलो आणि बराच वेळ झोप आली नाही. इतकी वर्षं मी जे काही लिहीत होतो, पाठ करत होतो, त्यातल्या एकाही ओळीवर कुणाचं चाक थांबलं नव्हतं.

हे वाचून कुणाला वाटेल की त्या दिवसापासून मला काम आवडायला लागलं. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सुट्या पैशांवरून तीच भांडणं, तेच "ओ कंडक्टर, जरा दाराशी थांबवा की". आवड वगैरे सावकाश येते, काही दिवशी येतही नाही. 'कामातच राम आहे' असं सांगणारे बहुतेक जण दुसऱ्याच्या कामाबद्दल बोलत असतात, असं माझं मत आहे. मला जे मिळालं ते वेगळं होतं, आणि ते मुख्यतः डब्यांमधून मिळालं.

आमच्याकडे वरच्या गावांतली मुलं-मुली अकरावी-बारावीला, आयटीआयला खाली पाटणला किंवा कराडला खोली करून राहतात. मेस परवडत नाही. मग आई पहाटे उठून भाकरी करते आणि डबा पहिल्या गाडीनं पाठवते. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा वर. कंडक्टरकडे हे डबे सोपवले जातात. त्याचं कुठं लेखी काही नसतं, पण गाव तिथं एसटी गेल्यापासून हे चालत आलेलं आहे. सकाळी सहाला गाडी सुटायच्या आधी दारात बायका उभ्या. कापडी पिशवीत कडीचा डबा, पिशवीला दोरा, झाकणावर ऑइल पेंटनं नाव. कुणी सांगतं, "गरम हाय, वरच्या फळीवर नगा ठेवू, सांडंल." कुणी सांगतं, "आज आमटी न्हाई, ठेचा हाय, त्याला सांगा संध्याकाळी आमटी पाठवते." मी तो निरोप सांगायचो. पाटण स्टँडवर खांबाशी पोरं थांबलेली असायची, मी नाव वाचून डबे द्यायचो.

एक मुलगा होता, वडील नसलेला. त्याचा डबा नेहमी सगळ्यात हलका असायचा. एकदा तो डबा घ्यायला आलाच नाही. गाडीला पुढची फेरी होती. मी स्टँडवरच्या चहावाल्याकडे डबा ठेवला, दुपारी परत आलो तेव्हाही तो तिथंच. मग रिकाम्या वेळेत त्याच्या खोलीवर गेलो. पोरगं तापानं फणफणलेलं. सरकारी दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं, संध्याकाळी वर जाताना त्याच्या आईला गाडीतून खाली उतरायच्या आधीच सांगितलं, "ताप आहे, काळजी करू नका, सकाळी माझ्याबरोबर चला." यात मी थोर काही केलं नाही. डबा पोचला नाही हे माझ्याशिवाय त्या दिवशी कुणाला कळलंच नसतं, एवढंच. वाहकाच्या कामाचा नव्वद टक्के भाग असा आहे. कोण रोज चढतं आणि आज चढलं नाही, हे त्यालाच दिसतं.

हळूहळू मला त्या लाइनीवरचं सगळं पाठ झालं. कुठल्या वळणावर कुणाचा हात धरायला लागतो. कुठल्या थांब्यावर दोन मिनिटं जास्त थांबायचं, कारण वाडीवरून उतरणारी माणसं गाडीचा आवाज ऐकूनच घरातून निघतात. कोण पाटणला तारखेला निघालंय आणि कोण औषध आणायला. इतिहास-भूगोल पाठ करायला मला किती कष्ट पडले होते! हे मात्र आपोआप डोक्यात बसलं आणि रोज वापरात आलं.

२०२१ च्या जुलैत मोरगिरीजवळच्या आंबेघरवर दरड कोसळली. त्या रात्रीचा पाऊस या खोऱ्यातलं कुणी विसरणार नाही. रस्ते बंद होते, आमची गाडी वर जाण्याचा प्रश्नच नव्हता. रस्ता मोकळा झाल्यावर गाडी सुरू केली, तेव्हा गाडीत नातेवाईक होते, कुणाच्या मांडीवर भांडी, कुणाच्या हातात धान्याची पिशवी. तिकीट विचारायला माझी जीभ रेटेना. एका बाईनंच पैसे पुढं केले, "काढा की, तुमाला हिशोब द्यायचा असंल." मी तिकीट काढून दिलं. तिनं ते नीट घडी करून बटव्यात ठेवलं. मला वाटतं, त्या दिवशी काहीतरी नेहमीसारखं चाललंय हे तिला हवं होतं.

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला. एसटी राज्य सरकारात विलीन करण्याची मागणी, कोर्ट, सगळा महाराष्ट्र ते पाहत होता. उच्च न्यायालयानं २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर परतायला सांगितलं, त्यानंतर गाड्या पूर्ववत झाल्या. संपाच्या बाजूनं आणि विरुद्ध बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे, पण ते इथं नको. त्या काळात एकदा मोटारसायकलवरून मी वरच्या गावाला गेलो होतो, एका लग्नाला. मांडवात कुणी मला चटकन ओळखलं नाही. खाकी नव्हती ना अंगावर. ओळखल्यावर मात्र सगळे एकच विचारायला लागले, "गाडी कधी?" दोन मुलींचं कॉलेज बंद पडलं होतं, जीपवाला मागेल ते भाडं द्यायला घरच्यांकडे नव्हतं. डबे बंद. एक म्हातारे डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख चुकवून बसले होते.

"तुम्ही कसे आहात" असं त्यांच्यातल्या एकानंही विचारलं नाही. पूर्वीचा मी असतो तर मनाला लागलं असतं. आता नाही लागलं. त्यांना आठवण माझी येत नव्हती, गाडीची येत होती, आणि त्या गाडीत मी होतो. मला वाटतं, माझ्या डोक्यातली यादी त्या मांडवात गळून पडली. इतकी वर्षं कुठल्या ना कुठल्या पीडीएफमध्ये स्वतःचं नाव शोधत होतो. या गावात निम्म्या लोकांना माझं नाव अजून माहीत नाही, 'मुक्कामीचा कंडक्टर' म्हटलं की काम भागतं, आणि मला त्यात काही कमी वाटत नाही. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी गेली, तिच्यातल्या तीसेक प्रवाशांनी तरी वाहकाचं नाव कुठं विचारलं असेल?

पुढं नियम बदलत गेले तशी गाडीतली माणसंही बदलली. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला. मोफत असलं तरी तिकीट द्यावं लागतं, शून्य रुपयांचं. वरच्या वाडीचे एक आजोबा आहेत, दर आठवड्याला बाजारला येतात. पहिल्यांदा आधार कार्ड दाखवून बसले तेव्हा मी विसरायच्या आतच त्यांनी हात पुढं केला, "तिकीट दे की." दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "शून्य लिवलंय." मी म्हटलं, "सरकारनं माफ केलंय, आजोबा." ते म्हणाले, "माफ केलंय ते ठीक, पण मी बसलोय हे यात हाय ना?" आहे, म्हटलं. मग त्यांनी ते टोपीत खोचलं. आजही खोचतात.

१७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. बाजारच्या दिवशी माझी गाडी बायकांनी भरायला लागली. ज्या कधी गावाबाहेर एकट्या पडायच्या नाहीत त्या माहेरी जाऊन संध्याकाळच्या गाडीनं परत यायला लागल्या. धक्काबुक्की वाढली, सुट्ट्यांची भांडणं वाढली, माझा घसा रोज बसायचा. पण गाडीतली हवा बदलली हे खरं. कोण कुणाच्या लग्नाला, कुणाची सून नांदत नाही, कुठल्या दुकानात साडी स्वस्त, सगळं तिकीट काढता काढता कानावर पडतं. चुलत्यांना एकदा मी म्हटलं, तहसीलदाराला तालुका कागदावर दिसतो, मला गाडीत दिसतो. ते हसले नाहीत. चुलते अजूनही खूश नाहीत, आणि आता मी त्यांना खूश करायच्या भानगडीत पडत नाही.

मध्यंतरी लांब पल्ल्याची गाडी विचारली होती मला. मुंबई. भत्ता जास्त, आणि बायकोचंही म्हणणं होतं की घ्यावी. आमचं त्यावर चांगलं वाजलं. पोरगी लहान, मी आठवड्यातल्या कितीतरी रात्री देवळासमोर झोपलेला, तिचा राग रास्तच होता. कामात अर्थ सापडला म्हणून घरच्या माणसानं त्याची किंमत मोजत राहावी असं थोडंच आहे? शेवटी अर्ध्यावर तडजोड झाली. आता मी आठवडाआड मुक्कामी करतो, मधल्या आठवड्यात कराडच्या फेऱ्या. संध्याकाळी घरी. त्यामुळे मुक्कामीला दुसरा माणूस तयार करावा लागला.

तो पोरगाही पुण्यात परीक्षा देऊन आलेलाच आहे. चेहरा तसाच, स्टँडवर मान खाली घालून उभा राहणारा. मी त्याला काही समजावलं नाही. लाइन दाखवली. कुठं डबल बेल लगेच द्यायची नाही, कारण मागून कुणीतरी पळत येत असतं. कुठल्या घरची म्हातारी पैसे दुसऱ्या दिवशी देते, आणि ते आपल्या खिशातून घालून ठेवावे लागतात. डबे दाराशी ठेवायचे नाहीत, दुधाच्या किटलीनं पिशव्या भिजतात. चुन्याचा दगड दाखवला. पावसाळ्याआधी त्याला पुन्हा चुना मारायचा, हे सांगितलं. तात्या निवृत्त झाले, आता नवा ड्रायव्हर आहे, वळवायला घाई करतो, त्याला शिट्टी लांब द्यायची.

परवा खाली आल्यावर तो कॅश काउंटरसमोर बसून मोबाइलवर कुठला तरी निकाल बघत होता. बघून झाल्यावर मोबाइल खिशात टाकला आणि गप्प राहिला. काय झालं ते मी विचारलं नाही. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "सर, एक विचारू का? तुम्हाला याचा कंटाळा नाही येत?"

"येतो की," मी म्हटलं. "आधी दहाच्या नोटा वेगळ्या कर. पन्नास रुपये कमी येतायत तुझे."